पिणाऱ्याच्या घरच्यांनी काय करावं?

(वर्षा व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

सभागृहात आज बायका अधिक दिसताहेत. या विषयाला नेहमी असंच होतं. पिणारा येत नाही. त्याची बायको येते, आई येते. तेव्हा दारूचे दुष्परिणाम सांगण्यात मी वेळ घालवत नाही. ते तुम्ही रोज पाहता.

आषाढ संपत आलाय. गटारीला यथेच्छ प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा, हे घरोघरी चालतं. 'महिनाभर शिवत नाहीत, म्हणजे व्यसन नाही', असं घरचे मानतात. पण ज्याला सकाळी उठल्याबरोबर घोट लागतो, चहाचा कप धरताना ज्याचे हात थरथरतात, त्याने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे दोन-तीन दिवसांत काहींना घाम फुटतो, ताप चढतो, भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला आलंय असं वाटून ते ओरडतात. घरच्यांना वाटतं, बाहेरचं काही लागलं. देवऋष्याकडे नेण्यात रात्र जाते. खरं तर त्याला त्याच क्षणी रुग्णालयात हलवायला हवं. म्हणून शपथ घाला, पंढरीची माळ घाला, माझी ना नाही; पण आधी डॉक्टरांना दाखवा.

दुसरं, भाजीत लपवून घातलेली गोळी. डायसल्फिराम हे औषध उपयोगी आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल आणि डॉक्टरांची देखरेख असेल तरच. नकळत दिलं आणि तो वर दारू प्यायला, तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असेल तर माणूस जाऊ शकतो. आणि वाचला, तरी घरच्या ताटावरचा त्याचा विश्वास उडतो.

मग करायचं काय? 'साहेब, यांना ताप आलाय', हा कामावरचा फोन त्याचा त्याला करू द्या. बारची उधारी मेव्हण्याने भागवू नये. आपण मायेपोटी हे सगळं निस्तरत राहतो, आणि उपचाराची गरज त्याला जाणवतच नाही. बोलायचं ते सकाळी, तो शुद्धीवर असताना, थोडक्यात बोला. रात्रीचं भांडण त्याला आठवतही नाही. मात्र हात उगारला जात असेल, तर मुलांना घेऊन आधी बाहेर पडा. तिथे समजूतदारपणा नको.

आणि आधार घरच्यांनाही लागतो. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेचे एक संस्थापक बिल विल्सन यांची दारू सुटली, तेव्हा पत्नी लोइस सुखी व्हायला हवी होती. पण 'चल, मीटिंगला उशीर होतोय', असं तो म्हणाला आणि तिने पायातला बूट त्याच्या दिशेने भिरकावला. इतकी वर्षं साचलेलं होतं ते. याच लोइसने पुढे १९५१ मध्ये घरच्यांसाठी अल-अनॉन उभं करण्यात पुढाकार घेतला. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथेही पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. नवरा पुन्हा घसरला, तरी बायकोने तिथे जाणं थांबवू नये. घसरणं या आजारात होतं. पुन्हा उपचार घेता येतात.

१४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक लिहून घ्या. पिणारा तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही, पहिला फोन तुम्हीच करा.