आडनांवांत राहिलेलें गांव

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आक्षी व चौल यांच्या दरम्यान, नागांव हें समुद्रकांठचें गांव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांबद्दल त्याची प्रसिद्धि आहे. परंतु पुष्कळांना तें प्रथम भेटतें तें 'नागांवकर' या आडनांवांत.

'नागांवकर' म्हणजे 'नागांवचा'. अर्थ सोपा आहे; परंतु खुद्द नागांवांत या नांवाचा उपयोग काय? तेथें सर्वच नागांवकर. शेजारी शेजाऱ्याला ओळखतो तो बापाच्या नांवावरून, आळीवरून किंवा धंद्यावरून. तोच मनुष्य पोटापाण्यासाठीं मुंबईस गेला, म्हणजे 'आपण कोठले?' हा प्रश्न पुढें येतो व त्याचें उत्तरच त्याच्या नांवास जोडलें जातें. तेव्हां ग्रामवाचक आडनांव हें बहुधा गांव सोडल्याची खूण होय.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाहीं. इंग्लंडांतील 'न्यूटन' हें आडनांव 'नवी वस्ती' या अर्थाच्या जुन्या ग्रामनामावरून आलेलें आहे. अलिबागजवळच नवगांव आहे. त्याचा सरळ अर्थ घेतला, तर न्यूटन व नवगांवकर हीं एकाच घडणीचीं नांवें ठरतात. ज्यांनीं या किनाऱ्यावर अधिकार गाजविला, त्या कान्होजी आंग्रे (मृत्यु १७२९) यांचें घराणेंहि मूळचें संकपाळ. अंगरवाडी या गांवावरून त्यास आंग्रे हें नांव पडलें, असें सांगतात.

या चालीचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे बेने इस्रायल समाज. हे ज्यू लोक कित्येक पिढ्या पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील खेड्यांतून राहिले. त्यांची भाषा मराठी झाली. तेल गाळण्याचा धंदा करून शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्यांत किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर व दिवेआगरचे दिवेकर झाले. १७९६ सालीं मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे 'सामाजी हसाजी दिवेकर' या नांवानेंहि ओळखले जातात. हायीम सॅम्युएल केहिमकर यांनीं १८९७ सालीं आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो ग्रंथ १९३७ सालीं तेल-अवीव येथें प्रसिद्ध झाला व ग्रंथकाराच्या आडनांवाबरोबर किहीमहि तेथें पोंचलें. १९४८ नंतर या समाजांतील बहुसंख्य कुटुंबें इस्रायलला गेलीं. तेथेंहि कोंकणांतील खेड्यांचीं नांवें कित्येक घरांतून टिकून आहेत.

यावरून एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. दिवेकर हिंदूंतहि आहेत व ज्यूंतहि आहेत. आडनांव ऐकतांच माणसाची जात, धर्म किंवा नातें ठरविण्याची आपली संवय येथें फसते. फार काय, गांवहि निश्चित होत नाहीं. एक नागांव अलिबागजवळ, दुसरें उरणजवळ, तिसरें कोल्हापूर जिल्ह्यांत. दोन नागांवकर भेटले, तर त्यांचे पूर्वज एकमेकांस कधींहि भेटले नसणें सहज शक्य आहे.

मग कोणतें नागांव, तें कोणत्या पिढींत सुटलें आणि कोणत्या कारणानें? दुष्काळ, नोकरी, भाऊबंदकी कीं व्यापार? याचें उत्तर आडनांवांत नसतें. तें घरांतील वृद्धांच्या स्मरणांत असतें, क्वचित् एखाद्या जुन्या खतपत्रांत असतें. आडनांव मुलांना आपोआप मिळतें. त्यामागची हकीकत मात्र कोणी तरी सांगावी लागते. ती विचारून लिहून ठेवण्याचें काम ज्या घरांत वडील मंडळी आहेत त्या घरांत आजच होऊं शकतें. पुढें विचारावयास कोणी उरत नाहीं.