दोन थेंब आणि करंगळीवरील खूण

१९९५ साली देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. तिच्या जाहिरातींनी पालकांपाशी मागितले ते अवघ्या दोन थेंबांइतके. दिवस रविवारचा ठरला, कारण कामाची सबब उरू नये. करंगळीवरील शाईमुळे डोस चुकलेले मूल शेजाऱ्यांच्याही ध्यानात येई. परंतु निव्वळ युक्ती पुरत नाही. आणीबाणीत, १९७६ साली झालेल्या नसबंदीच्या सक्तीने कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणावरील लोकविश्वास ढासळला होता. म्हणूनच पेडणे-डिचोलीच्या वाड्यावाड्यांतून आईच्या शंकेचे शांतपणे निरसन करणारी, ओळखीची अंगणवाडी सेविका हेच प्रचाराचे खरे बळ होय. २०१४ साली भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. पुढील प्रत्येक लोकशिक्षण मोहिमेत हे बळ जपणे अगत्याचे आहे.