नदीचे पाणी आणि माशाचा श्वास

(वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



तापी, गिरणा व पांझरा या नद्यांशी आपल्या भोई समाजाचे नाते काय, हे मी आपणांस सांगावे असे नाही. वैशाखात पहाटे डोहावर मासे तोंड वर काढून आचके देऊ लागले, की ‘कोणी तरी विष घातले’ असा बोभाटा होतो. विष घालणारे असतात, हे मी नाकारीत नाही; परंतु पुष्कळदा मासा गुदमरलेला असतो.

पाणी तापले म्हणजे त्यातील प्राणवायू उणा होतो. शून्य अंशावर एका लिटरात सुमारे १४ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांवर जेमतेम साडेसात. त्यात शहराचे सांडपाणी कुजू लागले की उरलेलाही जातो. शेवाळ दिवसा प्राणवायू देते, रात्री घेते. म्हणून पहाटेची घटका सर्वांत वाईट. मरळ व मांगूर वरची हवा घेऊन तग धरतात; रोहू, कटला, मृगळ यांना ती सोय नाही.

कारखान्यांच्या पाण्यातून येणारे तांबे, जस्त, कॅडमियम हे धातू तर थेट कल्ल्यांवर घाला घालतात. कल्ल्यांची नाजूक पाती सुजतात, त्यांवर चिकटा साचतो, आणि पाण्यात प्राणवायू असूनही तो रक्तात पोचत नाही. उलट प्राणवायू कमी पडला, की मासा कल्ल्यांवरून अधिक पाणी ओढतो व त्याबरोबर अधिक धातूही ओढला जातो! जड पाण्यातील चुन्याचा अंश धातूचा जोर काहीसा मोडतो, एवढाच दिलासा.

मरणाऱ्या माशापेक्षा जगणाऱ्याची मला चिंता अधिक. बहुतेक धातू काळजात व मूत्रपिंडात साठतात. पारा मात्र मांसात उतरतो. जपानात मिनामाता येथे १९५६ साली उजेडात आलेला रोग मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनाच फार भोवला.

१९८२ साली हतनूरचे धरण झाले, पुढे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा येथे बंधारे आले. वाहती तापी जागोजाग थांबली. आणि थांबलेल्या पाण्यात तळाचा प्राणवायू लवकर संपतो.

आता कामाचे बोलतो. मासे मेले की पंचनामा दुपारी होतो. तोवर उन्हात शेवाळाने प्राणवायू भरून काढलेला असतो आणि कागदोपत्री पाणी निर्दोष ठरते. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा आहे, परंतु पुराव्यावाचून तो काय करणार? म्हणून सोसायटीच्या चिटणिसांनी पहाटेच नमुना घ्यावा. बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरावी व प्राणवायू जागीच बद्ध करणारे रसायन तीत घालावे. जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक ते दाखवून देतील. धातूंसाठी निराळी स्वच्छ बाटली ठेवावी. आणि मेलेली मासळी बाजारात नेऊ नये. त्या दोन टोपल्यांचा तोटा सोसायटीने वर्गणीतून भरून द्यावा, अशी माझी सूचना आहे.