पत्त्यासह छापलेले पत्र : विज्ञानपट, चित्रकथा आणि चाहत्यांची चर्चा

विज्ञानकथेच्या चाहत्यांची चळवळ एका साध्या संपादकीय निर्णयातून उभी राहिली. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये न्यूयॉर्कहून ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. पुढच्या वर्षी त्यात वाचकांच्या पत्रांचे सदर आले आणि पत्राखाली नावाबरोबर पूर्ण पत्ताही छापला जाऊ लागला. पत्ता हाती आल्यावर वाचकांना संपादकाची मध्यस्थी लागेना. ते एकमेकांना थेट लिहू लागले. पत्रांतून ओळखी झाल्या, ओळखींतून मंडळे निघाली आणि मंडळांनी घरच्या घरी छापलेली नियतकालिके काढली. अशा नियतकालिकाला ‘फॅनझिन’ हे नाव १९४० साली मिळाले. तोवर ती निघू लागून दहा वर्षे झाली होती.

विज्ञानपट आणि विज्ञान-चित्रकथा यांचा इतिहास या पत्रव्यवहारातून वेगळा काढता येत नाही. इतर साहित्यप्रकारांत लेखक लिहितो, वाचक वाचतो आणि समीक्षक मधे उभा राहतो. विज्ञानकथेत मात्र वाचक स्वतःच समीक्षक झाला, मग संपादक झाला आणि अनेकदा लेखकही झाला. आजच्या डिजिटल चित्रकथा-संकलनांचा विचार याच परंपरेच्या संदर्भात करावा लागतो.

वाचकाचा लेखक होताना

क्लीव्हलँडच्या ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या जेरी सीगेलने १९३२ मध्ये ‘सायन्स फिक्शन’ नावाचे स्वतःचे छोटे नियतकालिक काढले. जानेवारी १९३३ च्या अंकात त्याने टोपणनावाने एक कथा लिहिली आणि तिची चित्रे त्याचा शाळासोबती जो शूस्टर याने काढली. त्या कथेतला ‘सुपरमॅन’ खलनायक होता. एका शास्त्रज्ञाच्या प्रयोगातून मनःशक्ती मिळालेला आणि त्या शक्तीने माजलेला तो एक कंगाल माणूस होता. पुढे दोघांनी ही कल्पना उलटी केली आणि जून १९३८ चा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक नव्या सुपरमॅनला घेऊन आला. चित्रकथांचा सर्वांत प्रसिद्ध नायक असा दोन शाळकरी चाहत्यांच्या पत्रकातून निघाला.

ज्युलियस श्वार्ट्झ यांची वाट थोडी वेगळी होती. १९३२ मध्ये ‘टाइम ट्रॅव्हलर’ हे फॅनझिन काढणाऱ्या मुलांपैकी ते एक. मोठेपणी ते डीसी कॉमिक्समध्ये संपादक झाले. १९६० च्या सुमारास त्यांनी आपल्या चित्रकथांच्या पत्रसदरात वाचकांचे पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली. लहानपणी वाचलेल्या मासिकाची ती रीत होती. परिणामही तसाच झाला. जेरी बेल्स आणि रॉय थॉमस या दोन वाचकांनी १९६१ मध्ये ‘ऑल्टर इगो’ हे चित्रकथांना वाहिलेले फॅनझिन सुरू केले. हेच रॉय थॉमस पुढे मार्व्हलमध्ये लेखक-संपादक झाले आणि ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाचे चित्रकथा-रूपांतर त्यांनी लिहिले. त्याचा पहिला अंक मे १९७७ मध्ये चित्रपट लागण्याआधीच दुकानांत पोचला होता. त्याच्या आदल्या वर्षीच सान डिएगोच्या चित्रकथा-संमेलनात या चित्रपटाची ओळख चाहत्यांना करून देण्यात आली होती. पत्त्यासह छापलेले पत्र ते ‘स्टार वॉर्स’ ही साखळी अर्ध्या शतकाची आहे आणि तिची प्रत्येक कडी कुणा ना कुणा वाचकाने जोडलेली आहे.

या परंपरेला काळी बाजूही आहे. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. सुमारे दोनशे माणसे आली, फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ दाखवण्यात आला, आणि फॉरेस्ट ॲकरमन हे मर्टल डग्लस यांनी शिवलेला भविष्यकाळातला पोशाख घालून वावरले. त्याच संमेलनाच्या दारातून विरोधी गटाच्या सहा चाहत्यांना परत पाठवण्यात आले. त्यांत पुढे मोठे लेखक-संपादक झालेले फ्रेडरिक पोल आणि डोनाल्ड वॉलहाइम होते. आस्थेतून जमलेले मंडळ किती चटकन दार लावून घेते, याचे उदाहरण पहिल्याच संमेलनाने घालून दिले.

विज्ञानपटाची चर्चा म्हणजे काय

विज्ञानपट पाहिल्यावर होणारी चर्चा तीन प्रश्नांभोवती फिरते. दाखवलेले जग आतून सुसंगत आहे का, हा पहिला प्रश्न. त्या जगाचा नियम विज्ञानाशी कितपत जुळतो, हा दुसरा. आणि त्या नियमाने माणसाचे काय होते, हा तिसरा. नवखा प्रेक्षक बहुधा दुसऱ्या प्रश्नाला चिकटतो आणि अवकाशात आवाज कसा ऐकू आला यावर अडतो. मुरलेला चाहता पहिल्या प्रश्नावर कडक असतो, पण त्याचे खरे लक्ष तिसऱ्या प्रश्नाकडे असते.

रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ हे याचे ठळक उदाहरण. जून १९८२ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट तिकीटबारीवर पडला. तरी त्यावरची चर्चा थांबली नाही. कृत्रिम माणसांचा माग काढणारा नायक स्वतः कृत्रिम आहे का, या प्रश्नावर चाहते वर्षानुवर्षे वाद घालत राहिले. १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चित्रपटगृहात चुकून त्याची जुनी, कच्ची प्रत दाखवली गेली. तिला मिळालेल्या प्रतिसादामुळे १९९२ मध्ये निवेदन काढून टाकलेली आणि एकशृंगी घोड्याचे स्वप्न घातलेली आवृत्ती आली, आणि २००७ मध्ये अखेरची आवृत्ती. वादाचा प्रश्न त्या स्वप्नामुळे अधिकच टोकदार झाला. पडलेला चित्रपट चर्चेने पंचवीस वर्षे जिवंत ठेवला, आणि त्या काळात चित्रपटच बदलत गेला.

‘मेट्रोपोलिस’ची कहाणी जतनाची आहे. जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला दाखवलेल्या मूळ चित्रपटाला लवकरच कात्री लागली आणि कापलेला भाग हरवला असे मानले गेले. २००८ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या संग्रहालयात जवळजवळ पूर्ण लांबीची १६ मिलिमीटर प्रत सापडली आणि २०१० मध्ये ती जोडून चित्रपट पुन्हा दाखवण्यात आला. आठ दशके चाहते ज्या चित्रपटावर बोलत होते, तो त्यांतल्या बहुतेकांनी पुरता पाहिलेलाच नव्हता.

संकलन हेच घर

विज्ञान-चित्रकथेला कादंबरीपेक्षा संकलन अधिक मानवते. एक कल्पना, तिचा एक परिणाम आणि शेवटी एक धक्का, एवढा ऐवज पाच-सात पानांत नेमका बसतो. शिवाय एका अंकात पाच कथा असल्या तर एखादी फसली तरी अंक तरतो. म्हणून संपादक नव्या लेखकावर पैज लावू शकतो.

अमेरिकेतल्या ईसी कॉमिक्सने १९५० पासून ‘वीअर्ड सायन्स’ आणि ‘वीअर्ड फँटसी’ या मालिकांत हे सिद्ध केले. १९५२ मध्ये त्यांनी रे ब्रॅडबरी यांच्या दोन कथा न विचारता एका चित्रकथेत मिसळल्या. ब्रॅडबरी यांनी वकिलाची नोटीस धाडली नाही. मानधन पाठवायचे राहून गेलेले दिसते, अशा अर्थाचे गोड पत्र त्यांनी लिहिले. मानधन आले आणि रीतसर रूपांतरांचा सिलसिला सुरू झाला. याच संस्थेची १९५३ ची ‘जजमेंट डे’ ही कथा रंगावरून विभागलेल्या यंत्रमानवांच्या ग्रहाची आहे. त्यांची तपासणी करून त्यांना नापास ठरवणारा अंतराळवीर शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो, तेव्हा तो कृष्णवर्णीय असल्याचे दिसते. १९५६ मध्ये ती पुन्हा छापताना चित्रकथांसाठीच्या आचारसंहितेच्या प्रशासकाने ते पात्र गोरे करण्याचा आग्रह धरला. प्रकाशकाने तो मानला नाही आणि कथा जशीच्या तशी छापली. तो त्यांच्या चित्रकथांचा अखेरचा अंक ठरला.

फ्रान्समध्ये मोबियस, फिलिप द्रुइए आणि सहकाऱ्यांनी १९७४ च्या अखेरीस ‘मेताल यूर्लां’ हे संकलन काढले. त्यात आलेल्या, डॅन ओबॅनन यांनी लिहिलेल्या आणि मोबियस यांनी चितारलेल्या ‘द लाँग टुमारो’ या कथेतले उभे, गजबजलेले शहर ‘ब्लेड रनर’च्या शहराचे पूर्वज आहे. ओबॅनन यांनीच पुढे ‘एलियन’ची पटकथा लिहिली आणि त्या चित्रपटाच्या अंतराळ-पोशाखांची आखणी मोबियस यांनी केली. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९७७ पासून ‘२००० ए.डी.’ हे साप्ताहिक निघते. त्यातल्या ‘फ्यूचर शॉक्स’ या चार-पाच पानी कथांच्या सदरात ॲलन मूर, ग्रँट मॉरिसन आणि नील गेमन यांनी सुरुवातीच्या काळात हात बसवला.

पडद्यावरची चौकट

डिजिटल संकलनाने या घराचे क्षेत्रफळ बदलले. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’चे चित्रकार डेव्हिड लॉइड यांनी २०१२ मध्ये ‘एसेस वीकली’ हे केवळ पडद्यासाठीचे साप्ताहिक संकलन सुरू केले. त्याचा प्रत्येक खंड सात आठवड्यांचा असतो आणि अनेक कथा शेजारी शेजारी पुढे सरकतात. कागद, छपाई आणि वितरण यांचा खर्च गेल्याने वर्गणीचा पैसा थेट निर्मात्यांकडे जावा, हा त्यामागचा हिशेब. २०१३ मध्ये ब्रायन वॉन आणि मार्कोस मार्टिन यांनी ‘पॅनेल सिंडिकेट’ या संकेतस्थळावर ‘द प्रायव्हेट आय’ ही विज्ञानकथा आणली. वाचकाने स्वतःला परवडेल ती किंमत द्यायची आणि फाइल कायमची स्वतःजवळ ठेवायची, अशी योजना होती. पाने आडवी होती, कारण बहुतेक पडदे आडवे असतात. २०१५ मध्ये तिला आयझनर पारितोषिक मिळाले.

आडव्या पानाचा मुद्दा केवळ सोयीचा नाही. छापील चित्रकथेत वाचकाची नजर एका चौकटीवर असली तरी कडेने सारे पान दिसत असते. पान उलटण्याचा क्षण लेखकाने हेरलेला असतो. स्कॉट मॅक्लाउड यांनी २००० साली पडदा हे पान न मानता खिडकी मानावी आणि तिच्यामागे अमर्याद फलक कल्पावा, असा विचार मांडला. कोरियात रुजलेल्या ‘वेबटून’ या पडद्यावरच्या चित्रकथा-प्रकाराने त्यातला उभा फलक उचलला. तिथे धक्का पान उलटल्यावर बसत नाही, बोट सरकवल्यावर बसतो. याउलट एकेक चौकट मोठी करून दाखवणारी वाचनपद्धत जुन्या पानाचा तोल मोडते. संकलनाच्या संपादकाला आता कथेइतकाच या मांडणीचा विचार करावा लागतो.

मालकीचा प्रश्न याहून बिकट आहे. २००७ मध्ये सुरू झालेले ‘कॉमिक्सॉलॉजी’ हे डिजिटल चित्रकथांचे सर्वांत मोठे दुकान होते. २०१४ मध्ये ॲमेझॉनने ते विकत घेतले आणि २०२२ मध्ये आपल्या दुकानात मिसळून टाकले. अशा व्यवहारात वाचक विकत घेतो तो वाचण्याचा परवाना. अंक त्याच्या मालकीचा होत नाही. रद्दीवाल्याकडे सापडलेला जुना अंक पुढच्या पिढीच्या हाती पडतो, परवान्याला असे रद्दीचे भाग्य नसते.

भारतीय आणि मराठी वाट

भारतात ही चर्चा नवी नाही. अद्रीश बर्धन यांनी १९६३ मध्ये ‘आश्चर्य’ हे बंगाली विज्ञानकथा-मासिक सुरू केले आणि १९६६ मध्ये कोलकात्यात विज्ञानपटांसाठी खास सिने क्लब स्थापन झाला. सत्यजित राय अध्यक्ष होते, प्रेमेंद्र मित्र उपाध्यक्ष आणि बर्धन कार्यवाह. क्लब थोडीच वर्षे चालला, पण विज्ञानपट हा एकत्र पाहून वाद घालण्याचा विषय आहे, हे त्याने दाखवून दिले.

मराठीत संकलनाची सवय फार जुनी आहे. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वर्षातून एकदा अनेक लेखक एका मुखपृष्ठाखाली येतात. विज्ञानकथेला विज्ञानप्रसार करणाऱ्या संघटनेने हात दिला. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये घेतलेल्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून जयंत विष्णू नारळीकर यांनी ती पाठवली होती. २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा विज्ञानकथेचे पाहुणेपण संपले.

चित्रकथेच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने वेताळ आणि फ्लॅश गॉर्डन मराठी घरांत आणले, परंतु ते अनुवादित होते. मराठी विज्ञानकथा शब्दांत बहरली. चौकटींच्या भाषेत तिची स्वतःची परंपरा घडली नाही. छपाईचा खर्च आणि रंगीत पानांची किंमत हे त्यामागचे मोठे अडसर होते. डिजिटल संकलनाने नेमके हेच अडसर दूर केले आहेत.

म्हणून मराठी चाहत्यांसमोरची कामे ठोस आहेत. दिवाळी अंकाच्या धर्तीवर मराठी विज्ञान-चित्रकथांचे डिजिटल संकलन निघावे आणि त्यात नवोदितांसाठी चार-पाच पानांचे सदर असावे. लेखक आणि चित्रकार या दोघांचे हक्क त्यांच्याकडेच राहावेत. वाचकाला अंक स्वतःजवळ ठेवता यावा आणि एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात जमा व्हावी. घरचा पत्ता छापण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. तरीही वाचकांना एकमेकांपर्यंत पोचता येईल असे पत्रांचे पान पहिल्या अंकापासून राखून ठेवावे. त्या पानाला जागा उरत नसेल, तर एक कथा कमी घ्यावी.