शासकीय आरोग्यसेवा आणि पेढीवरचे लोकमत
(सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित सभेतील भाषण)



ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षात देणगीदारांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जात आहे. शासन प्रत्येक कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत देत असेल, तर ट्रस्टच्या वैद्यकीय साहाय्य निधीत आता पैसे कशासाठी घालावयाचे? तोच पैसा पाठशाळेला, शिष्यवृत्तीला किंवा जीवदयेला का देऊ नये? प्रश्न गैर नाही. आपली रक्कम कोठे उपयोगी पडते हे पाहणे हा व्यापाऱ्याचा स्वभाव आहे आणि दानाच्या बाबतीत तर ते त्याचे कर्तव्यच आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की असे ध्यानात येते, की शासकीय आरोग्यसेवेविषयी समाजात जे मत आहे, ते बहुतांशी ऐकीव आहे.

पेढीवर, स्थानकाच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात या विषयावर दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, 'सरकारी दवाखान्यात कोण जाणार?' आणि दुसरे, 'सरकार सगळे फुकट वाटत सुटले आहे.' ही दोन वाक्ये एकमेकांना छेद देतात. जेथे कोणी जात नाही, तेथे फुकट काय वाटले जाते? तरीही एकच गृहस्थ एकाच बैठकीत दोन्ही वाक्ये बोलतात. त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयाच्या, म्हणजे ज्याला सारे नाशिक 'सिव्हिल' म्हणते त्याच्या आवारात त्यांनी गेल्या वीस वर्षांत पाऊल ठेवलेले नसते. उलट सुरगाणा, पेठ, हरसूल येथून पहाटेची एसटी धरून जी माणसे तेथे रांगेत उभी राहतात, त्यांना त्यांचे मत कोणी विचारत नाही. जो बोलतो तो तेथे जात नाही आणि जो जातो त्याचा आवाज पोहोचत नाही. आरोग्य सुधारणांविषयीचे महाराष्ट्रातील लोकमत अनेक वर्षे असे अर्धवट राहिले.

याला कारणही घडले. स्वातंत्र्यापूर्वी, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीने अहवाल दिला आणि पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, असे तत्त्व मांडले. तत्त्व कागदावर राहिले. प्रत्यक्षात शासनाची सेवा गरिबांची आणि खासगी सेवा पैसेवाल्यांची, अशी वाटणी होत गेली. महाराष्ट्रात १९९९ मध्ये तिरंगी शिधापत्रिका आल्या, तेव्हा या वाटणीला रंगही मिळाले. वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या वर गेले, किंवा घरी चारचाकी आली, की शिधापत्रिका पांढरी. लाख रुपयांच्या उत्पन्नाची ही रेषा पुढे महागाई कितीही वाढली तरी हलली नाही. पांढऱ्या पत्रिकेवर धान्य मिळेना. ती पत्त्याचा पुरावा म्हणून कपाटात पडून राहिली. बहुसंख्य समाजबांधवांकडे हीच पत्रिका होती, आणि शासनाची योजना म्हणजे परक्याची गोष्ट, ही भावना तेथूनच पक्की झाली.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत शेजारचे धुळे होते, नाशिक नव्हते. नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली. कुटुंबास वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, तेही निवडक खासगी रुग्णालयांत, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. पण ती मुख्यत्वे पिवळ्या आणि केशरी पत्रिकेपुरती. २०१७ मध्ये योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि पुढे २०२० मध्ये राज्यात दोन्हींची सांगड घातली गेली.

त्याच वर्षी करोनाने पेढीवरचे मत हलविले. मे २०२० मध्ये राज्य शासनाने ही योजना तात्पुरती सर्व नागरिकांस खुली केली, खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले आणि देयके तपासण्यासाठी लेखापरीक्षक नेमले. ज्यांनी आयुष्यभर शासनाच्या हस्तक्षेपास नाके मुरडली, तेच गृहस्थ तेव्हा हातात बिल घेऊन लेखापरीक्षकाचा पत्ता विचारीत होते. २०२० च्या पावसाळ्यात नाशिक महानगरपालिका आणि भारतीय जैन संघटना यांनी 'मिशन झिरो' हाती घेतले आणि समाजाचे तरुण वस्त्यावस्त्यांतून चाचण्यांच्या कामास लागले. अनेकांनी शासकीय यंत्रणा आतून प्रथमच पाहिली. तिचा ढिसाळपणा पाहिला, तसेच रात्रंदिवस उभे असलेले परिचारक आणि सफाई कामगारही पाहिले. आणि मग २१ एप्रिल २०२१ चा दिवस आला. महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या दिवशी शहरात कोणी 'सरकारी दवाखान्यात कोण जाणार' असे म्हटले नाही, कारण त्या आठवड्यात सर्वच थरांतील माणसे मिळेल तेथे खाट शोधीत होती. सार्वजनिक रुग्णालयाची देखभाल हा आपल्याही जिवाचा प्रश्न आहे, हे त्या दिवसांनी ज्या रीतीने शिकविले, ती रीत फार क्रूर होती.

यानंतर दोन निर्णय झाले आणि ते दोन्ही येथे जमलेल्या प्रत्येक घराशी संबंधित आहेत. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने फुले योजना राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी, म्हणजे पांढऱ्या पत्रिकेसाठीही खुली झाली. मर्यादा पाच लाख झाली, उपचारांची संख्या १३५६ झाली आणि पुढे ती आणखी वाढविण्यात आली. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. हा विस्तार जुलै २०२४ पासून प्रत्यक्षात आला. दुसरा निर्णय १५ ऑगस्ट २०२३ चा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचार सर्वांना निःशुल्क झाले. नाशिकचे सिव्हिल आणि शालिमारजवळचे संदर्भ सेवा रुग्णालय ही दोन्ही त्यात येतात. याशिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्न न पाहता, केंद्राचे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. या सभागृहात पहिल्या तीन रांगांत बसलेले बहुतेक ज्येष्ठ त्यास पात्र आहेत. त्यांपैकी किती जणांनी ते काढले, हा प्रश्न येथे विचारून कोणास संकोचात टाकावयाचे नाही.

तर मग देणगीदारांचा प्रश्न सुटला काय? नाही. पाच लाख हा आकडा खिशात पडणारी रक्कम नव्हे. रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या ठरावीक उपचारांचे ठरावीक दर शासन रुग्णालयास देते, एवढाच त्याचा अर्थ. दाखल न होता केलेल्या तपासण्या, रक्तदाब आणि मधुमेहाची महिनोन्महिने चालणारी औषधे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, हे सारे घरानेच सोसावयाचे असते. देशाच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. परंतु शंभरातले एकोणचाळीस रुपये अजूनही रुग्णाचे घरच मोजते. शासनाचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत २०२५ सालापर्यंत नेण्याचे उद्दिष्ट २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

दरांची गोष्ट तर कापड बाजारातील माणसास समजावून सांगण्याची गरज नाही. शाळेच्या गणवेशाचे कंत्राट आठवावे. मीटरचा दर एकदा बांधला, मिलचा भाव चढला, दर तेथेच राहिला आणि बिल मात्र वर्षाने मिळाले, तर काय होते? चांगला व्यापारी निविदाच भरीत नाही. मधला व्यापारी हलके कापड देतो. तिसरा नापास मुलाचाही गणवेश बिलात धरतो. योजनेतील रुग्णालयांचे अगदी हेच तीन प्रकार झाले आहेत. काही मोठी रुग्णालये योजनेपासून दूर राहतात, काही 'खाट शिल्लक नाही' म्हणतात किंवा 'एवढे बाहेरून आणा' असे सुचवितात आणि काही गरज नसलेले उपचार दाखवून पैसे उचलतात. शासनाने सर्वांनाच अप्रामाणिक समजणे जसे चूक, तसे रुग्णालयांनी दराचे कारण पुढे करून दारातील रुग्णास परत पाठविणेही चूक.

यात डॉक्टरांची बाजू ऐकलीच पाहिजे. समाजातील कित्येक कुटुंबांचे मूळ ज्या मारवाडात आहे, त्या राजस्थानने २१ मार्च २०२३ रोजी आरोग्याच्या हक्काचा कायदा संमत केला, असे करणारे ते पहिले राज्य. आणीबाणीच्या उपचारांचे पैसे कोण आणि केव्हा देणार, हे स्पष्ट नाही म्हणून खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, दोन आठवडे दवाखाने बंद राहिले आणि ४ एप्रिल रोजी लहान खासगी रुग्णालयांना वगळण्याच्या समझोत्यावर ते उघडले. नातेवाइकांचे फोन तेव्हा येथेही येत होते. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होण्यापूर्वी तेथील डॉक्टरांच्या संघटनेने मोठ्या बहुमताने विरोध नोंदविला होता. ५ जुलै रोजी सेवा सुरू झाली आणि पुढे त्याच सेवेचा त्या देशास अभिमान वाटू लागला. विरोध झाला म्हणून सुधारणा वाईट ठरत नाही, तसेच सुधारणा आहे म्हणून विरोध स्वार्थीच असतो असेही नाही. हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टान्त पाठशाळेतील मुलासही ठाऊक आहे. अनेकांत सांगणाऱ्या समाजाने निदान या विषयात एकांगी बोलू नये.

आता एका अवघड गोष्टीकडे वळले पाहिजे. समाज सधन आहे, असे बाहेर समजले जाते. आतली परिस्थिती विश्वस्तांना ठाऊक आहे. लहान किराणा दुकान, भाड्याचे घर, मुलीच्या लग्नाचे कर्ज, दुकानातील गुमास्ता म्हणून काढलेले आयुष्य, अशी घरे प्रत्येक गल्लीत आहेत. अशा घरात हृदयविकाराचा झटका येतो, तेव्हा प्रथम मंगळसूत्र सोडून बाकीचे दागिने निघतात, मग व्याजाने रक्कम येते, आणि ट्रस्टकडे अर्ज येतो तो सर्वांत शेवटी, किंवा येतच नाही. त्याच रुग्णालयात खालच्या मजल्यावर योजनेचा आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याच्याकडे जाण्यास मन धजत नाही, कारण ओळखीचे कोणी पाहील. पुढे वेळही निघून जाते. दाखल होतानाच कागदपत्रे दाखवावी लागतात, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. गुप्तदानाची थोरवी गाणाऱ्या समाजाने मदत घेणाऱ्यासही तितकाच आडोसा द्यावयास हवा होता. साधर्मिक भक्ती केवळ स्वामीवात्सल्याच्या पंगतीपुरती राहिली असेल, तर तो दोष त्या घराचा नाही.

देणगीदारांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. शस्त्रक्रियेच्या बिलात दहा-वीस हजारांची भर घालणे, हे निधीचे जुने काम हळूहळू कमी होईल, आणि व्हावेही. त्याच रकमेत योजनेबाहेरच्या तपासण्या, कायमची औषधे, डायलिसिसच्या रुग्णाचे येण्याजाण्याचे भाडे देता येईल. चार दानांत औषधदान आहेच. शिवाय आभ्यंतर तपांत वैयावृत्य सांगितले आहे, आणि रुग्णासोबत आरोग्यमित्राच्या टेबलापर्यंत चालत जाणारा माणूस पुरविणे यापेक्षा आज वैयावृत्याच्या जवळचे दुसरे काम नाही.

धर्मादाय रुग्णालयांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे, कारण समाजातील अनेक मान्यवर अशा संस्थांचे विश्वस्त आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावयाची असते. त्या बदल्यात संस्थेला करात आणि अन्यत्र सवलती मिळतात. हा व्यवहार आहे; उपकार नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातील आगाऊ रकमेच्या प्रकरणावरून राज्यभर जो क्षोभ उसळला, तो या व्यवहाराची दुसरी बाजू लोकांच्या ध्यानात आल्यामुळेच.

राहिला लोकमताचा प्रश्न. पेढीवर बोललेले मत चहाच्या कपाबरोबर विसळले जाते. लिहिलेल्या मताचे काय होते, याचे एक उदाहरण व्यापाऱ्यांस आवडेल. आरोग्यविम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता आणि त्याविषयी सर्वत्र कुरकुर होती. नागपूर विभागातील आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध रीतसर निवेदन दिले. त्याचा हवाला देऊन नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांस पत्र लिहिले. विषय देशभर चर्चेत आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील हा कर उठला. एकट्या निवेदनाने कर गेला असे कोणी म्हणणार नाही, पण निवेदन नसते तर पत्रात कशाचा हवाला दिला असता?

सिव्हिलमध्ये रुग्ण कल्याण समिती आहे, जिल्हा शल्य चिकित्सकांचे कार्यालय आहे, योजनेची १५५३८८ ही मदतवाहिनी आहे. तेथे समाजाकडून आजवर काय गेले? म्हणून विश्वस्त मंडळापुढे एक सूचना ठेवली आहे. स्थानकाच्या तळमजल्यावर दर रविवारी दोन तास एक टेबल मांडावे. युवकांनी घरोघरच्या पांढऱ्या शिधापत्रिका पाहाव्यात. पुष्कळ पत्रिकांचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक घेतलेला नाही आणि सुनांची नावे अजून माहेरच्या पत्रिकेत आहेत. ती दुरुस्ती झाल्याखेरीज आयुष्मान कार्ड निघत नाही. टेबलावर एक वही असावी आणि तीत चार रकाने असावेत: रुग्णास योजनेचा लाभ मिळाला काय, मंजुरीस किती दिवस लागले, हातातून किती रक्कम द्यावी लागली, आणि नकार मिळाला असल्यास तो नेमक्या कोणत्या शब्दांत मिळाला. चांगला अनुभव आला तर तोही लिहावा, डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या नावासह. रुग्णाचे नाव मात्र वहीत नसावे, केवळ क्रमांक असावा. दर तिमाहीस तिची प्रत शल्य चिकित्सकांकडे आणि रुग्ण कल्याण समितीकडे जावी. विश्वस्त मंडळाने सूचना मान्य केल्यास पहिले टेबल येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता, प्रवचनाच्या आधी लागेल. येताना शिधापत्रिका, आधार कार्ड आणि सत्तरीच्या वरच्या आई-वडिलांना सोबत आणावे.

जय जिनेंद्र.