चावडीवर वाचून दाखवता येईल असे सॉफ्टवेअर



नीरेकाठचे अकलूज महाराष्ट्राला ठाऊक आहे ते सहकारामुळे, साखर कारखान्यामुळे आणि लावणी स्पर्धेमुळे. २०२१ साली इथल्या ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. सॉफ्टवेअर परिषदेसाठी हे गाव काहींना आडवाटेचे वाटेल. पण चांगले सॉफ्टवेअर कशाला म्हणावे, हे समजून घ्यायला हिंजवडीच गाठावी लागते असे नाही. माळशिरस तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या हातातला सातबारा त्यासाठी पुरेसा आहे.

महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. हस्तलिखित उतारे संगणकात चढवताना चुका राहिल्या. कुठे क्षेत्र जुळेना, कुठे नाव चुकले. त्या शोधायला २०१७ मध्ये महसूल खात्याने चावडी वाचनाची मोहीम घेतली. संगणकातला उतारा गावात वाचून दाखवायचा आणि ज्याची जमीन त्याने चूक सांगायची. डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला तो त्यानंतर, २०१८ मध्ये.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वाचन, मग सही. प्रोग्रामर स्वतःच तयार केलेल्या नमुना माहितीवर चाचणी घेतो, तेव्हा सगळे हिरवे दिवे लागतात. चार गुंठे कमी दिसले हे मात्र ज्याचे चार गुंठे गेले त्यालाच क्षणात कळते. वापरणाऱ्याच्या नजरेखालून न गेलेले काम पुरे झाले असे समजू नये, हे पहिले तत्त्व.

दुसरे तत्त्व फेरफाराचे. सातबाऱ्यावरचे जुने नाव खोडून नाहीसे करत नाहीत. त्याला कंस करतात, नवे नाव लिहितात आणि शेजारी फेरफार क्रमांक टाकतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५०व्या कलमानुसार नोंदीची प्रत चावडीत लावावी लागते आणि हितसंबंधितांना कळवावे लागते. हरकतींसाठी मुदत असते. नोंद तलाठी लिहितो, पण प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’ लिहिले आणि प्रत्येक बदलाचा इतिहास जपण्याची शिस्त जगभरच्या प्रोग्रामरांच्या अंगवळणी पडली. कोणी बदलले, कधी बदलले, का बदलले, कोणी तपासले, हे चार प्रश्न महसुली दप्तर त्याच्या कितीतरी आधीपासून विचारत आले आहे.

हे प्रश्न टाळले की काय होते, ते अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी अनुभवले. नवा प्रोग्राम आठपैकी सात सर्व्हरवर चढवला गेला, आठवा राहिला. त्याच्यावर पडून असलेला, वर्षानुवर्षे न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि शेअर बाजारात भलतेसलते सौदे करत सुटला. पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले. आठही सर्व्हर दुसऱ्या कोणी तपासले असते, तर हे तेव्हाच लक्षात आले असते.

तिसरे तत्त्व बांधावरचे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. पुढच्या आवृत्तीत दोन सुधारणा झाल्या. केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करता येऊ लागली आणि तलाठ्याने सरसकट सगळ्या नोंदी न पाहता दहा टक्के तपासाव्यात असे ठरले. उन्हात, स्वस्त फोनवर, एका हाताने बटण दाबणारा माणूस चुकणारच. ती चूक परत फिरवता आली पाहिजे. वातानुकूलित खोलीत, वेगवान वायफायवर उत्तम चालणारे संकेतस्थळ रेंज येते-जाते अशा शिवारात दोन मिनिटे नुसते गोल फिरत राहिले, तर दोष शिवाराचा नव्हे.

राहिली भाषा. ‘लक्ष्मीबाई’ हे नाव वाचणाऱ्याला चार अक्षरांचे दिसते. युनिकोडमध्ये ते दहा चिन्हांचे आहे आणि यूटीएफ-८ पद्धतीत ३० बाइट घेते. इंग्रजी नावांच्या हिशेबाने २० बाइटचा रकाना ठेवणारा प्रोग्रामर लक्ष्मीबाईंचे नाव मधूनच तोडतो. कोविन संकेतस्थळ २०२१च्या आरंभी लसीकरणासाठी खुले झाले ते इंग्रजीत. मराठीसह इतर भारतीय भाषा आल्या त्या जूनमध्ये. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली होती. भाषा शेवटी चढवायचा रंग नाही, ती पायाभरणीतच धरावी लागते.

इथल्या शंकरनगरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना म्हणूनच एक आवाहन. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आणखी एक हॉटेल बुकिंगचे संकेतस्थळ करू नका. कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या कारकुनाशेजारी, नगरपरिषदेच्या पाणीपट्टीच्या खिडकीत, सेतू केंद्रात आधी बसा. तिथले काम कुठे अडते ते वहीत टिपा, मगच कोड लिहा. आणि तो लिहून झाला की त्याच माणसाला तुमच्यासमोर वापरायला द्या. तो वापरत असताना मध्ये बोलू नका.