कॅमेऱ्याला रंग कळतो का?

आज कॅमेऱ्यातल्या रंगांबद्दल बोलू या.

आपल्या भंडारा जिल्ह्यातलं आंधळगाव, कोशाच्या साड्यांचं गाव. तिथल्या एका विणकर काकांच्या साडीचे फोटो मी काढून दिले. कॅमेरा साधाच, सुरुवातीचा मिररलेस. साडी ऑनलाइन विकली गेली आणि आठवड्यात परत आली. कारण काय, तर “फोटोत रंग वेगळा होता.” काका काहीच बोलले नाहीत. मी मात्र सेन्सरला नावं ठेवली.

खरं सांगू? सेन्सरला रंग दिसतच नाही, तो फक्त प्रकाश मोजतो. त्याच्यावर बारीक फिल्टरांची जाळी असते. चार ठिपक्यांमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ही कल्पना कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग कॅमेरा शेजाऱ्यांवरून हिशोबाने भरतो. पांढरं काय धरायचं, तेही तोच ठरवतो.

मी एकीकडे खिडकीचा उजेड आणि दुसरीकडे पिवळा बल्ब ठेवला होता. ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळणारच!

दुसऱ्यांदा बल्ब बंद केला, ग्रे कार्डवर व्हाइट बॅलन्स लावला, फोटो रॉमध्ये काढले. काकांनी स्क्रीनला पदर लावून बघितला. म्हणाले, “हौ बाबू, हाच रंग.”

तेव्हा मंडळी, महागडा कॅमेरा घ्यायच्या आधी एक बल्ब बंद करून बघा. भेटू पुढच्या भागात!